संगणक, एक नग, मेणबंद

शनिवारी दुपार उतरल्यावर, असरच्या नमाजीनंतर माझा निकाह लागला आणि एका सरकारी कॉम्प्युटरची विल्हेवाटही अगदी नियमात बसून लागली. दोन्ही बातम्या आनंदाच्या आहेत. आता त्या विसरून जा. तुम्ही काही वाचलेलं नाही, मी काही सांगितलेलं नाही. आज मंगळवार आहे, साल दोन हजार आठ, महिना नोव्हेंबर. कॉम्प्युटर टेबलावर आहे आणि मी, म्हणजे सैफ, पोंभुर्ण्यातल्या माझ्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात तोंडात स्क्रू धरून आफ्रीनचा रेडिओ अकराव्यांदा उघडतो आहे.

त्या रेडिओत दर वेळी एकच बिघाड असायचा. आतली तांबडी तार सुटलेली. पहिल्या वेळी ती ओढून तोडलेली होती. अकराव्या वेळेपर्यंत तोडणाऱ्याच्या हाताला चांगलीच सफाई आली होती.

"घरात उंदीर हाय," आफ्रीन म्हणाली.

"अन् त्या उंदराले स्क्रूड्रायव्हर कोणं देला?"

"मस्करी राहू दे. अब्बानं चिमूरवाल्याइले रविवारी बोलावलं. मले पाहाले येऊन राह्यले."

स्क्रू माझ्या घशात जाता जाता राहिला.

आफ्रीनचे अब्बा म्हणजे कमरुद्दीन चाचा. समोरच्याच गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान. चाचांचा माणसावर विश्वास नव्हता, कापडावर थोडा होता, पण गोल शिक्क्यावर पूर्ण होता. चौकोनी शिक्का त्यांना चालत नसे. "चौकोनी कोणीबी मारते," ते म्हणायचे, "गोल माराले सरकार लागते." मोठा जावई एसटीत कंडक्टर, मधला शाळेत शिपाई, दोघांच्याही ओळखपत्रांवर गोल शिक्के होते आणि चाचांनी ते भिंगातून तपासून घेतले होते. माझी त्यांना तक्रार अशी काहीच नव्हती. पोरगा चांगला, घराणं माहितीतलं, नमाजी, बिडीसुद्धा नाही. फक्त माझं नाव आणि गोल शिक्का एकाच कागदावर कधी आले नव्हते.

चिमूरच्या मुलाचं मात्र रबरी शिक्के बनवायचं दुकान होतं.

"त्याच्यापाशी दोनशे शिक्के हाय," आफ्रीन म्हणाली. "अब्बा तीन दिवसांपासून हसून राह्यले. तू रविवारच्या आत एक तरी आण."

ती गेली, आणि दहा मिनिटांत श्रीहरीभाऊ आले.

श्रीहरीभाऊ आमच्या गावातल्या एका सरकारी कार्यालयाचे हेडक्लार्क. कार्यालयाचं नाव सांगत नाही. त्यांच्या हातात एक परिपत्रक होतं आणि ते त्यांनी लहान मूल धरावं तसं धरलं होतं.

"सैफ, हे पाय. जुने कॉम्प्युटर फेकू नका, जाळू नका, भंगारवाल्याले देऊ नका, असं आलं हाय. आतली ती डिस्क कोणाले वाचता येऊ नये अशी खराब करा, दोन पंच बोलवा, अन् सगळं सामान चंद्रपूरच्या केंद्रावर नेऊन द्या. आतली डिस्क कुठी असते, तुले माईत हाय?"

"माईत हाय भाऊ. पण तुमचा कॉम्प्युटर तं चालू हाय म्हणता?"

"तेच तं दुखणं हाय ना बाप्पा," श्रीहरीभाऊ म्हणाले. "चालू वस्तू फेकता येत नाई. आधी त्याले बंद पाड."

हे मला नवीन होतं. आजवर लोक बंद पडलेल्या वस्तू चालू करायला आणत. पण मी विचारलं, "यात माह्या नावाचा कागद भेटते का? गोल शिक्क्याचा?"

श्रीहरीभाऊंनी परिपत्रकावर बोट ठेवलं. "लिवलंच हाय. 'केंद्रामार्फत वाहून नेणाऱ्यास प्रमाणपत्र देण्यात येईल.' प्रमाणपत्र म्हणजे शिक्का आलाच."

"तुमचाच एखादा मारून द्या ना."

"आमचा शिक्का साहेबाच्या कपाटात, चावी साहेबापाशी, अन् साहेब ट्रेनिंगले पुण्याले."

मी पान्हे उचलले.

बुधवारी सकाळी कार्यालयात गेलो. खिडकीजवळच्या टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याच्यावर पांढरा टॉवेल, टॉवेलवर दसऱ्याची सुकलेली आपट्याची पानं, पडद्याच्या काचेवर कुंकू. आणि खरंच आतून आवाज येत होता. घूंऽऽऽ असा, संथ, समाधानी.

"ऐक," श्रीहरीभाऊ अभिमानाने म्हणाले. "पाच वर्षं झाली, एक दिवस सुट्टी नाई. तपासणीले साहेब येतात, कान लावतात, अन् मी रजिस्टरमधी लिवतो, 'स्थिती चालू.' लोडशेडिंगमधीबी बंद पडत नाई."

"लोडशेडिंगमधी?"

"दहा दहा घंटे लाईन नसते. हा चालूच."

मी वायरीच्या मागे मागे गेलो. वायर टेबलाखाली गेली, भिंतीच्या कडेने गेली आणि कपाटामागे संपली. तिच्या टोकाला प्लग नव्हता. उंदराने खाल्ला असावा. या वेळी खरा उंदीर.

मी परत येऊन खोक्यासमोर वाकलो. फ्लॉपी घालायची जी फट असते, तिच्यातून एक मधमाशी बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, काम नसलेला माणूस दिसताच ती खिडकीतून जंगलाच्या दिशेने गेली. तिच्या जागी दुसरी आत शिरली. तिच्या पायांना पिवळे पराग होते.

"भाऊ," मी म्हणालो, "तुमचा कॉम्प्युटर पाच वर्षांपासून मेला हाय. आत मोहोळ हाय."

श्रीहरीभाऊ खुर्चीवर बसले. रजिस्टर त्यांनी मिटून ठेवलं. मग हळूच म्हणाले, "तरीच कधी कधी वास गोड येत होता. मले वाटलं, नवीन मशिनीचा असन."

मी स्क्रू ढिला केला. आतला आवाज चढला. मी स्क्रू परत घट्ट केला. टीव्हीतला करंट मी अंगठ्याने तपासतो, त्याची भीती नाही. पण इथे वीस हजार करंट होते आणि प्रत्येकाला स्वतःचं मत होतं.

श्रीहरीभाऊ म्हणाले, "झिंगूले बोलवा लागन."

झिंगूभाऊ जंगलातल्या एका पाड्यावरचे. मोह, डिंक, मध जे जंगल देईल ते गोळा करणारे. आमच्या भागात मोहोळाचं काही असलं की त्यांनाच निरोप जातो. गुरुवारी सकाळी ते आले, खांद्यावर मडकं आणि पोकळ लाकडाचा एक ओंडका घेऊन. खोलीत शिरले, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे मोहोळ माहं हाय."

"तुमचं कसं?" श्रीहरीभाऊ उठून उभे राहिले. "सरकारी मालमत्ता हाय ते."

"मागच्या साली पोराच्या दाखल्याले आलो तवा पाह्यलो. तवाच निशाणी बांधलो." झिंगूभाऊंनी कीबोर्डच्या वायरीकडे बोट दाखवलं. तिच्यावर पळसाच्या वाखाची एक नेटकी गाठ होती. "आमच्या पाड्यावर ज्यानं पयले पाह्यलं, त्यानं गाठ बांधाची. मंग दुसरा हात लावत नाई. झाड कोणाचंबी असो."

श्रीहरीभाऊंनी जडवस्तूंचं रजिस्टर उघडलं. वर्षभरापूर्वीची नोंद सापडली: 'संगणकासोबतची दोरी, एक.' त्यांनी स्वतःच्याच अक्षराकडे पाहून मान डोलावली. नोंद असल्यावर वाद कसला.

झिंगूभाऊंनी थोडा पालापाचोळा पेटवून धूर केला. माशांशी गोंडीत काहीतरी बोलले. माशांना ते समजलं, आम्हाला नाही. मी पत्रा उघडला आणि तिघेही वाकून आत पाहू लागलो. मदरबोर्डवर पोळी एकाशेजारी एक लटकत होती, नीट ओळीत, आणि पंख्याच्या मागे मधाने भरलेला गोल होता. इतकं सुबक काम त्या खोक्यात कारखान्यातही झालं नसेल.

"सातेरी माशी हाय," झिंगूभाऊ म्हणाले. "ढोलीतच राह्यते. झाडाची ढोली नसन तं तुमची चालते."

राणीमाशी असलेलं पोळं त्यांनी अलगद ओंडक्यात बसवलं. माश्या मागोमाग गेल्या. शेजारच्या टपरीवरच्या बायनाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच कप धरून उभ्या. मग झिंगूभाऊंनी मडक्यात थोडा मध घेतला आणि हात पुसले.

"अजून एवढा राह्यला ना," मी म्हणालो.

"पुरा नाई घेत आमी. घर रिकामं करून ठेवलं तं पुढच्या साली कोण येईन?"

"झिंगूभाऊ, पुढच्या साली हे घर नसन."

"ते सरकार पाहीन. आमी पुरा नाई घेत."

राहिलेलं पोळं खोक्यातच राहिलं.

आता डिस्क. ती मेणात आणि राळेत अशी गच्च बसली होती की निघेना. मी ड्रिल मशीन काढलं, तिथल्या तिथे आरपार भोक पाडायचं ठरवलं, बटण दाबलं. लाईन गेली होती. संध्याकाळपर्यंत येणार नव्हती.

"हातोडीनं मारतो," मी म्हणालो.

"चुकून मारशीन अन् आतली माहिती बाहेर येईन," श्रीहरीभाऊ घाबरून म्हणाले. "गोपनीय हाय."

"काय हाय त्यात?"

ते जवळ आले. "एक पत्र हाय. दोन हजार एकचं. 'मा. महोदय' एवढं टाइप केलो अन् लाईन गेली. अन् पत्त्याचे डाव हाय. चारशे बारा." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "बहुतेक हरलेलो हाय."

अशी माहिती शत्रूच्या हाती पडू देणं बरोबर नव्हतं. पण शुक्रवारीच चंद्रपूरला पोचायचं होतं. केंद्र शनिवार-रविवार बंद, आणि रविवारी चिमूरवाले. झिंगूभाऊ तोवर परिपत्रक वाचत बसले होते. ते म्हणाले, "वाचता येऊ नये, एवढंच लिवलं हाय ना? मेणात बंद हाय. कोण वाचते?"

श्रीहरीभाऊंचे डोळे चमकले. जुन्या काळी गुप्त कागदावर लाख लावायचे, ते त्यांनी आपल्या पहिल्या साहेबांकडे पाहिलं होतं. त्यांनी पेन उघडलं आणि पंचनाम्यात लिहिलं: 'संगणक, एक नग, मेणबंद स्थितीत रवाना.' पंच म्हणून झिंगूभाऊंनी पूर्ण नावानिशी सही केली. दुसऱ्या पंच बायनाबाई. त्यांनी सहीखाली 'चहा तीन' असंही लिहिलं.

शुक्रवारी सकाळी लूनाच्या मागे मॉनिटर बांधला, खोकं पुढे दोन पायांमध्ये घेतलं, कीबोर्ड गळ्यात अडकवला आणि निघालो. गल्लीच्या तोंडावर आफ्रीन रेडिओ हातात घेऊन उभी होती.

"दुकान बंद हाय," मी म्हणालो.

"दिसून राह्यलं. बिना शिक्क्याचा आला तं इकडून येऊ नोको. तिकडून चिमूरले जाय, मिठाई घेऊन."

रस्ता जंगलातला. ऊन चढत गेलं तसं मेण मऊ होत गेलं. वनविभागाच्या नाक्यापर्यंत आलो तेव्हा माझी पँट खिशापासून गुडघ्यापर्यंत गोड झाली होती.

नाक्यावर मोनाली मॅडम होत्या. नवीन भरती, कडक इस्त्री, सगळे नियम पाठ. त्यांनी बांबू खाली केला.

"काय हाय?"

"जुना कॉम्प्युटर मॅडम. चंद्रपूरच्या केंद्रावर नेऊन राह्यलो. हे परिपत्रक, हा पंचनामा."

त्यांनी दोन्ही वाचलं. मग खोक्याच्या कोपऱ्यातून रस्त्यावर पडलेल्या थेंबाला बोट लावलं, वास घेतला.

"हा मध हाय."

"हो मॅडम, थोडा राह्यला आत."

"मध वनोपज हाय. वनोपज नाक्यातून बिना टीपीचा जात नाई."

टीपी म्हणजे वाहतूक परवाना. जंगलातून लाकूड बाहेर न्यायचं तर हा कागद सोबत लागतो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं.

"मॅडम, मध काढून घ्या. मी रिकामं खोकं नेतो."

"नाक्यावरचा माल मी काढू शकत नाई. अन् ज्या ढोलीत मध हाय, ती ढोलीबी मालातच येते."

"हे लोखंड हाय मॅडम."

"पंचनाम्यात 'ढोली' लिवलं हाय." खरंच होतं. झिंगूभाऊंचं वाक्य श्रीहरीभाऊंनी जसंच्या तसं उतरवलं होतं.

मॅडमनी वायरलेसवर साहेबांना टीपी करू का म्हणून विचारलं. साहेबांनी नीट ऐकून न घेता "करून टाका" म्हटलं. मग त्यांनी टीपीचं पुस्तक काढलं, कार्बन घातला आणि टेप आणला.

"मालाची जात?"

"संगणक."

"यादीत नाई." त्यांनी 'इतर किरकोळ' लिहिलं आणि कंसात 'संगणक'. "लांबी चाळीस. घेर एकशे वीस. ते दुसरं काय?"

"मॉनिटर. त्याले हात नका लावू मॅडम, काच फुटली तं आतलं शिसं मातीत जाईन. म्हणून तं केंद्रावर नेऊन राह्यलो."

"म्हणजे पोकळ हाय. पोकळ मालावर चुना." त्यांनी मॉनिटरवर चुन्याची रेघ ओढली. "भरीव मालावर हातोडा."

नाक्यावरचा हातोडा तुम्ही पाहिला नसेल. लाकडाच्या टोकावर ठोकला की नंबर उमटतो. लाकूड जन्मभर तो नंबर मिरवतं.

"बुंधा कोणता अन् शेंडा कोणता?" मॅडमनी विचारलं.

"कॉम्प्युटरले बुंधा नसते मॅडम."

"प्रत्येक मालाले असते." त्या खोक्याभोवती फिरल्या. वायरी निघतात तो शेंडा ठरला, फ्लॉपीची बाजू बुंधा. त्यांनी हातोडा खांद्यावरून मागे नेला आणि बुंध्यावर असा हाणला की झाडावरची वानरं गप्प झाली. आतून कच्च असा आवाज आला. पत्र, महोदय आणि चारशे बारा डाव, सगळं एका दणक्यात गेलं.

टीपीवर त्यांनी माझं पूर्ण नाव लिहिलं, सही केली, काहीतरी ठोकलं आणि कागद माझ्या खिशात कोंबला. मी बघितलंही नाही. बांबू वर गेला होता आणि केंद्र पाच वाजता बंद होणार होतं.

चंद्रपूरच्या केंद्रावरचा माणूस हातमोजे घालून होता. त्याने खोकं उघडलं, काच वेगळी, पत्रा वेगळा, तांबं वेगळं अशा डब्यांत सगळं ठेवलं. डिस्क निघाली ती चार तुकड्यांत, आणि सगळ्यात मोठ्या तुकड्यावर नाक्याचा नंबर उमटलेला.

"इतकी पक्की नष्ट केलेली डिस्क आमच्याकडे आजवर आली नाही," तो आदराने म्हणाला. "कोणती पद्धत?"

"स्थानिक," मी म्हणालो.

त्याने नव्या कॉम्प्युटरवर बटणं दाबली आणि मशीनमधून निघालेला कागद मला दिला. माझं नाव होतं. वजन होतं. आभार होते. तळाशी लिहिलं होतं: 'ही पावती संगणकाने तयार केलेली असल्याने सही व शिक्क्याची आवश्यकता नाही.'

मी तीनदा वाचलं. "साहेब, एक मारून द्या ना. गोल."

"नाही हो. आता शिक्का बंद झाला. सगळं संगणकावर."

एका कॉम्प्युटरला मी मारून आणलं होतं. दुसऱ्याने त्याचा बदला घेतला.

संध्याकाळी पोंभुर्ण्यात पोचलो तेव्हा कमरुद्दीन चाचा रविवारसाठी पडदे शिवत होते. आफ्रीन दारामागे. लपवण्यात अर्थ नव्हता. मी पावती पुढे केली.

चाचांनी भिंग लावून वरून खालपर्यंत वाचलं. "शिक्क्याची आवश्यकता नाही," त्यांनी मोठ्याने म्हटलं, जणू कोणी त्यांच्या घरात येऊन शिवी दिली. "आवश्यकता नाही म्हणजे? मंग हा कागद काऊन हाय? बेटा, तू मेहनती हाय, पण..."

ते कागद परत द्यायला गेले आणि तो हाताला चिकटला. त्यांनी झटकला, तर तो उलटा झाला. पावतीच्या पाठीला माझ्या खिशातल्या मधाने आणखी एक कागद डकवून ठेवला होता. पिवळा, कार्बनचा. त्याच्यावर माझं नाव. आणि नावाच्या अगदी डोक्यावर, चंद्रासारखा, जांभळा, गोल.

चाचा उठून उभे राहिले. उजेडाला जाऊन त्यांनी शिक्का सगळ्या बाजूंनी पाहिला. "असली हाय," ते पुटपुटले. "वनविभाग. बापरे. वाहतूकदार सैफ. जात, इतर किरकोळ. चालते, आमी जातपात मानत नाई." मग भिंग खाली सरकलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "मुदत, शनिवार सूर्यास्तापर्यंत."

"ते मालाचं हाय चाचा."

"कागद तुह्या नावाचा हाय. शनिवारी सूर्य बुडला का तू पयल्यासारखा." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "उद्या असरनंतर. मगरिबच्या आत आटपा लागन. पडदे शिवून तयारच हाय."

दारामागून आफ्रीनचा आवाज आला, "अब्बा, शेरवानी?"

"तुहा रेडिओ बंद कर अन् माप घे त्याचं!"

तर असा माझा निकाह झाला, जो झाल्याचं तुम्हाला माहीत नाही. काझीसाहेबांना चाचा दर दोन मिनिटांनी खिडकीतला सूर्य दाखवत होते. झिंगूभाऊंनी मध आणला, अर्धं मडकं. पुरा ते आणत नाहीत. श्रीहरीभाऊंनी आहेर म्हणून तो पांढरा टॉवेल दिला. रविवारी चिमूरचा मुलगा आला, त्याने शिक्का व्यावसायिक नजरेने तपासला, "असा आमाले नाई जमत" असं कबूल केलं आणि तीन वेळा बिर्याणी घेतली.

रेडिओ त्यानंतर एकदाही बिघडला नाही. चाचा मात्र शांत नाहीत. दर शनिवारी सूर्यास्ताला ते दारात येतात, माझ्याकडे पाहतात आणि विचारतात, "काऊन रे, नूतनीकरण झालं का?"

सबब, संबंधित अधिकारी महोदय यांना विनंती की, सोबत जोडलेल्या वाहतूक परवान्याची मुदत 'शनिवार सूर्यास्तापर्यंत' ऐवजी 'वाहतूकदाराच्या हयातीपर्यंत' अशी वाढवून मिळावी. 'मालाची जात' या रकान्यातील 'इतर किरकोळ (संगणक)' खोडून तेथे 'जावई' अशी दुरुस्ती करावी. आणि दोन्ही दुरुस्त्यांवर प्रत्येकी एक, शक्य तितका गोल, शिक्का येत्या शनिवारच्या सूर्यास्तापूर्वी उमटवून मिळावा.